जेवणानंतरचा खून

आमच्या आईला रोज एक खून झाल्याशिवाय झोप लागत नाही. वय ८१. रक्तदाबाची गोळी पावणेनऊला, जेवण नऊला आणि खून साडेनऊला. खून शक्यतो बंगल्यात झालेला तिला आवडतो. जंगलात झाला, तर "इतक्या लांब कशाला गेला होता कडमडायला" म्हणून ती मेलेल्या माणसावरच चिडते. समुद्रात प्रेत सापडलं, तर पुढचे दोन दिवस बांगडे आणू देत नाही. आई मूळची कुडाळची, त्यामुळे ही शिक्षा किरकोळ नाही. खून कुणाचा झाला याला तिच्या लेखी फारसं महत्त्व नसतं, पण तपास 'सीआयडी'नेच करायला हवा. बाकीच्या कुठल्याही वाहिनीवरच्या पोलिसांवर तिचा विश्वास नाही.

बरं, लागेल तो भाग तिने किमान चार वेळा पाहिलेला असतो. मरणारा माणूस दिवाणखान्यात पाऊल टाकण्याआधीच ती त्याला बजावते, "नको जाऊस मेल्या, पडद्यामागे उभा आहे तो!" तो जातो. चार वेळा गेलेला असतो, पाचव्यांदाही जातो. आई "च्च" करते. ते "च्च" इतकं ताजं असतं की या खेपेला तो ऐकेल अशी तिला खरोखरच आशा होती की काय, अशी शंका यावी.

आमच्या चिरंजीवांना याचं भारी आश्चर्य. त्यांच्या पिढीत शेवट आधी सांगणं हा मोठा गुन्हा आहे. मित्राने मालिकेचा शेवट फोडला म्हणून यांनी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला होता. एकदा चिरंजीवांनी आजीला विचारलंच, "आजी, खुनी कोण ते तुला माहित्येय ना? मग बघतेस कशाला?"

आईने मेथीच्या जुडीवरची नजर काढली नाही. म्हणाली, "रामाला वनवासात धाडणार हे तुला माहीत नव्हतं? मग करोनात रोज सकाळी नऊच्या ठोक्याला आंघोळ करून का बसत होतास टीव्हीपुढे?"

चिरंजीव गप्प झाले. मी मात्र विचारात पडलो, कारण या प्रश्नाचं उत्तर मलाही देता येत नव्हतं, आणि मी तर १९८७ सालीही बसलो होतो.

२५ जानेवारी १९८७ला रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं, तेव्हा आम्ही ठाण्याला चाळीत राहत होतो. टीव्ही समोरच्या काकांकडे. रविवारी साडेनऊला त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत अठ्ठावीस माणसं मावत असत. भौतिकशास्त्राला हे मान्य नाही, पण मावत असत. काकू टीव्हीला हार घालायच्या, आणि हार पडद्यावर लोंबल्यामुळे उजवीकडचं पात्र झेंडूआड जायचं. मी बसायचो त्या कोपऱ्यातून बराच काळ मला शत्रुघ्न दिसलेलाच नाही.

या मालिकेचं चित्रीकरण उंबरगावला चालायचं, म्हणजे डहाणूच्या थोडं पुढे, गुजरातची हद्द ओलांडली की लगेच. काका एकदा मुद्दाम गाडी पकडून बघून आले. पुढे कित्येक महिने चाळीत ते तीर्थाहून आलेल्या माणसाच्या रुबाबात वावरत. त्यांनी सांगितलेली एकच गोष्ट माझ्या लक्षात आहे : दुपारच्या सुट्टीत एक राक्षस आणि दोन वानर एकाच बाकावर बसून बशीतून चहा पीत होते, आणि राक्षसाकडे सुटे पैसे नव्हते म्हणून वानराने त्याचे पैसे दिले. आई म्हणाली, "बघा! आणि इथे दोन जावांना एका नळावर पाणी भरता येत नाही."

आईला त्या मालिकेतला आपला मराठी माणूस कोण हेही चोख ठाऊक होतं. मंथरा ललिता पवार, भरत संजय जोग. दशरथ बाळ धुरी आणि कौसल्या जयश्री गडकर, ही दोघं तर प्रत्यक्षातही नवराबायको. या गोष्टीचा आईवर फार परिणाम झाला होता. "खरी बायको समोर उभी असताना त्या कैकेयीला वर द्यायचे म्हणजे," ती म्हणायची, "तो घाम मेकअपचा नव्हे हो."

तेव्हाच्या त्या वेडाचं कारण आम्ही सगळेच एका वाक्यात द्यायचो : दुसरं होतंच काय? एक दूरदर्शन, एक रविवार सकाळ. माणूस करणार काय? मीही हे वाक्य पुष्कळ चर्चांमध्ये शहाणा चेहरा करून म्हटलेलं आहे. पण २८ मार्च २०२०ला, टाळेबंदी लागून चार दिवस होतात न होतात तोच, दूरदर्शनने तीच ७८ भागांची मालिका कपाटातून काढून पुन्हा लावली आणि माझं शहाणपण पार कोसळलं. आता शेकडो वाहिन्या होत्या. चिरंजीवांच्या फोनमध्ये जगातले सगळे सिनेमे होते. तरीही १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, असं दूरदर्शनने जाहीर केलं. त्यात आमच्या घरचे पाच.

पहिल्या दिवशी चिरंजीव थट्टेच्या तयारीने बसले होते. इकडून एक बाण निघतो, तिकडून एक निघतो, दोघे आकाशात समोरासमोर येतात आणि एकमेकांकडे बघत राहतात. "आजोबा, हे बाण आहेत की ठाण्याच्या स्टेशनबाहेरच्या रिक्षा?" असं तो म्हणाला. चौथ्या दिवशी थट्टा बंद झाली. दहाव्या दिवशी त्याने जाहिरातीच्या वेळात स्वयंपाकघरात येऊन मला दबक्या आवाजात विचारलं, "बाबा, जटायू वाचतो का?" इंजिनिअरिंगला जाऊ घातलेला मुलगा.

त्या बाणांच्या संथपणातच सगळं गुपित आहे, हे मला तेव्हा कळलं. एक बाण सुटून लागेपर्यंत आई उठायची, गॅस बारीक करायची, भाताला एक शीत चेपून बघायची आणि परत येऊन बसायची. बाण अजून वाटेतच असायचा.

मी याला मेथीची कसोटी म्हणतो. मेथी निवडताना जी मालिका बघता येते, ती टिकते. मेथी निवडताना नजर अर्धी खाली असते, कान अर्धे कुकरकडे असतात आणि मधूनच 'देठ कोवळे आहेत, राहू देत का?' असा एक गंभीर प्रश्न घरात विचारला जातो. या सगळ्यातून जी गोष्ट सुटत नाही, ती गोष्ट घरात तीस-चाळीस वर्षं राहू शकते.

नव्या मालिका या कसोटीला बसतच नाहीत. परवा चिरंजीवांनी आग्रहाने एक आठ भागांची मालिका लावून दिली. फार गाजलेली आहे म्हणे. पहिली दहा मिनिटं नुसता अंधार. अंधारात कुणीतरी कुणालातरी पुटपुटत काहीतरी सांगितलं, नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली. बस्स! त्या एका शिट्टीपायी पुढचे सात भाग आम्हाला कळले नाहीत. जो भाऊ समजून आम्ही बघत होतो तो मेहुणा निघाला, आणि मेहुणा समजत होतो तो पाचव्या भागात स्वतःच्याच अंत्ययात्रेला हजर. बायको म्हणाली, "मागे घे." मागे घेतलं. पुन्हा शिट्टी. शेवटी अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "यांच्याकडे विजेचं बिल थकलंय का बघा आधी, मग खुनाचं बघू."

याउलट सीआयडी. तिथे कुठलीच गोष्ट एकदा सांगत नाहीत. अभिजीत म्हणतो, "याचा अर्थ सर..." दया म्हणतो, "खुनी..." आणि एसीपी प्रद्युम्न हवेत पंजा फिरवत वाक्य पुरं करतात, "बाहेरचा नाही, घरातलाच आहे!" एक वाक्य तीन माणसं मिळून उचलतात, लग्नात नवरदेव उचलावा तसं. मग तेच वाक्य प्रयोगशाळेत जाऊन डॉक्टर साळुंख्यांना सांगतात. साळुंखे ते सूक्ष्मदर्शकाखाली धरून पुन्हा यांनाच सांगतात. तेवढ्या वेळात मेथी निवडून, धुऊन, चिरूनसुद्धा होते.

मालिका बी. पी. सिंग यांची. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकलेला हा माणूस मुंबई दूरदर्शनवर बातम्यांचा कॅमेरामन होता आणि त्या निमित्ताने पोलिसांत ऊठबस होती. मुंबई पोलिसांच्या तपासकथांवर 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका त्यांनी केली, तिच्यात पुढे एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम होते. म्हणजे २१ जानेवारी १९९८ला सोनीवर सीआयडी सुरू झाली तेव्हा बाकीच्या देशाला एसीपी प्रद्युम्न नवे होते. आमच्याकडे ते आधीपासून येऊन-जाऊन होते. आईच्या मते तर सीआयडी ही मराठीच मालिका आहे, फक्त त्यातली माणसं हिंदीत बोलतात. साळुंख्यांना ती कऱ्हाडकडचे समजते. ती भूमिका करणाऱ्या नटाचं नाव नरेंद्र गुप्ता आहे असं मी तिला एकदा सांगितलं, तर म्हणाली, "असेल. आईकडून साळुंखे."

पहिला डाव २७ ऑक्टोबर २०१८ला थांबला तेव्हा १५४७ भाग झाले होते. रोज एक धरला तर चार वर्षं आणि वर जवळजवळ तीन महिने पुरतील इतके खून. २००४ साली त्यांनी कॅमेरा एकदाही न थांबवता १११ मिनिटांचा सलग भाग चित्रित केला. त्याची विक्रमांच्या पुस्तकात नोंद झाली. तो भाग आम्हीही सलग पाहिला, म्हणजे मध्ये एकदा दूधवाला, एकदा शेजारच्या वहिनी विरजण मागायला, आणि एकदा अप्पांना कॅमेरा कुठे थांबतो ते पकडायचं होतं म्हणून चष्मा शोधायला. कॅमेरा थांबला नाही, आम्हीच थांबलो.

अप्पांचं सीआयडी बघणं वेगळं असतं. ते सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. त्यांना खुनात रस नाही, दारात आहे. एसीपींनी "दया, दरवाज़ा तोड़ दो" म्हटलं, की अप्पा खुर्चीत पुढे सरकतात. बाकी देश दयाच्या खांद्याकडे बघत असतो, अप्पा बिजागरीकडे. "फ्लश डोअर आहे. आत नुसता भुसा. सागवानी असतं तर हा इस्पितळात असता." कधी कधी म्हणतात, "अरे, बेल तरी वाजवून बघा." एकदा तर दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं आणि दयाने ते आत पाडलं. त्या रात्री अप्पांना बराच वेळ झोप लागली नाही. खून झाल्याचं दुःख नव्हतं, चौकट वाया गेल्याचं होतं.

अप्पांचा दुसरा छंद म्हणजे खुनी ओळखणं. गेली पंचवीस वर्षं ते पहिल्या पाच मिनिटांत निर्णय देतात : "माळी." बंगल्याला बाग असो, नसो. कथा विमानात घडत असली तरी. "हे सगळं माळ्याने केलेलं आहे, तुम्ही बघाच." आम्ही बघतो. डॉक्टर निघतो, भागीदार निघतो, जुळा भाऊ निघतो, एकदा प्रेतच जिवंत निघालं. माळी कधी निघाला नाही. अप्पांच्या मतात फरक पडलेला नाही. "पुढच्या भागात कळेल," म्हणतात. सीआयडीच्या भागाला पुढचा भाग बहुधा नसतो, पण हे त्यांना कोण सांगणार?

आता हे सारं आम्हाला नवीन आहे का? मुळीच नाही. लहानपणी कुडाळकडे जत्रेत रात्रभर दशावतार बघायला आजोळची मंडळी जायची. संकासुर येणार, गमती करणार आणि शेवटी विष्णूच्या हातून मरणार, हे कडेवरच्या पोरालासुद्धा माहीत. तरी लोक घोंगड्या घेऊन संध्याकाळपासून जागा धरायचे. लिहिलेली संहिता नाही, नट बोलेल ते संवाद; त्यामुळे प्रश्न 'काय होणार' हा नसायचाच, 'आज कसा मरतो' हा असायचा. आणि सत्यनारायण? वर्षातून निदान सहा वेळा मी ती पोथी ऐकतो. साधुवाणी नवस बोलतो, विसरतो, गोत्यात येतो, सुटतो आणि पुन्हा तेच. नावेत काय आहे म्हणून विचारलं की पालापाचोळा सांगतो. नवरा आला म्हणून कलावती प्रसाद टाकून धावते. चाळीसेक वर्षं मी मनातल्या मनात तिला सांगतोय, बाई, चमचाभर शिराच आहे, खाऊन जा. ती जाते. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या पूजेला गुरुजींनी वेळ नाही म्हणून तिसरा अध्याय उरकता घेतला, तर लोकांनी कुरकुर केली. ज्यांनी कुरकुर केली ते अध्याय चालू असताना मागे बसून पार्किंगबद्दल बोलत होते, ही गोष्ट वेगळी. ऐकायचं नव्हतं त्यांना; ते चालू असायला हवं होतं.

म्हणूनच ज्या मालिकेत गोष्ट धावत पुढे जाते, ती धावत निघूनच जाते असं माझं निरीक्षण आहे. १९८४ साली 'हम लोग' सुरू झाली तेव्हा सगळा देश बसला होता, पण आज ती कुणी मुद्दाम लावून बसलेलं मी पाहिलेलं नाही. कुणाचं लग्न कुणाशी मोडलं हे ठाऊक नसेल तर मधूनच कसं शिरणार? सासवासुनांच्या हजार हजार भागांच्या मालिका संपल्या की आठवड्यात नाव आठवत नाही. शीर्षकगीत तेवढं मागे राहतं, रिंगटोन म्हणून.

आणि 'तारक मेहता का उल्टा चश्मा' बघा. 'चित्रलेखा'तल्या गुजराती सदरावरून निघालेली ही मालिका २८ जुलै २००८ला सुरू झाली आणि तेव्हापासून पत्रकार पोपटलाल लग्नाचा आहे. चिरंजीव तेव्हा बालवाडीत होते. आता त्यांच्यासाठी स्थळं येऊ लागतील, पण पोपटलालचं जमत नाही. आईने त्याच्यासाठी मनातल्या मनात कणकवलीची एक मुलगी पाहून ठेवली होती, तिला आता दोन मुलं आहेत. जेठालालची बायको दयाबेन २०१७पासून माहेरी आहे, पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. यावर आमच्या वहिनींचं मत असं, की इतकी वर्षं कुणी माहेरी राहू दिलं असतं तर आपणही तिच्यासारखाच गरबा केला असता. मी मध्ये दोन वर्षं ती मालिका पाहिली नव्हती. एका संध्याकाळी बसलो आणि अर्ध्या मिनिटात सगळं जागेवर सापडलं : भिडे चिडलेला, जेठालाल अडकलेला, पोपटलालच्या हातात छत्री. आमच्या स्वतःच्या इमारतीत एवढ्या अवधीत तीन सेक्रेटरी बदलले आणि लिफ्टही.

अशा घरात कुणी काही हलवलं की काय होतं, ते मध्यंतरी कळलं. २०२४च्या डिसेंबरात सीआयडी नव्याने सुरू झाली आणि २०२५च्या एप्रिलमध्ये बातमी आली की बॉम्बस्फोटात एसीपी प्रद्युम्न गेले. वाहिनीनेच श्रद्धांजली वाहिली! चिरंजीवांनी ते फोनवर वाचून दाखवलं. आईच्या हातातली जुडी ताटात पडली.

"पात्र गेलंय आजी, साटम ठणठणीत आहेत."

"कळतंय मला. म्हणून काय झालं? इतकी वर्षं घरी येणारा माणूस आहे."

त्या रात्री खून झाला नाही, म्हणजे टीव्हीच लागला नाही. आई साडेनऊपासून कूस बदलत होती. अप्पा तेवढे शांत होते. साडेदहाच्या सुमाराला अंधारातून त्यांचा आवाज आला, "प्रेत दाखवलं का?"

"नाही वाटतं."

"साळुंख्याने तपासलं?"

"नाही."

"मग साळुंख्याने कापल्याशिवाय मेला म्हणायचं नाही. झोप तू."

प्रेक्षकांनी देशभर गिल्ला केला आणि पुढे एसीपी परत आले. पंचवीस वर्षांतलं अप्पांचं बरोबर आलेलं हे एकमेव निदान. त्याचा त्यांनी इतका गवगवा केला की आम्हाला एसीपी परत आल्याचा आनंदही नीट घेता आला नाही.

सीआयडीतल्या फ्रेडीचं मात्र तसं झालं नाही. ती भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३मध्ये खरोखरच गेले. ते त्या मालिकेचे काही भाग लिहीतही असत. आईला ही बातमी आम्ही सांगितली तेव्हा ती काही बोलली नाही. जुन्या भागात तो अजून येतो, भुताला घाबरतो, साहेबांची बोलणी खातो. तो आला की आई मेथी खाली ठेवून पूर्ण वेळ बघते. हा मान दुसऱ्या कुणाला नाही, रामालासुद्धा नव्हता.

गेल्या महिन्यातली गोष्ट. साडेनऊला भाग सुरू झाला आणि पहिल्याच दृश्यात आईने मला कोपराने ढोसलं. डोळे लकाकत होते. "हा मी बघितलाय," ती कुजबुजली, "यात माळी आहे."

"म्हणजे?"

"अरे, माळीच आहे खुनी! खरोखरचा."

मी वळून अप्पांकडे पाहिलं. ते खुर्चीत मान टाकून घोरत होते. पंचवीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, त्या क्षणी. मी उठवायला हात पुढे केला, तर आईने तो धरला. "नको. गोळी घेऊन झोपलेत. उद्या दुपारी परत लागतो." आम्ही दोघांनीच आवाज बारीक करून पाहिलं. शेवटी एसीपींनी पंजा फिरवला, दयाने कुणाच्या तरी कानाखाली वाजवली आणि माळ्याने सगळं कबूल केलं. असा सत्यनारायण मी आजवर पाहिला नव्हता, साधुवाणी ज्यात पहिल्याच अध्यायात प्रसाद खाऊन मोकळा होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने अप्पांना मुद्दाम हाका मारून खुर्चीत आणून बसवलं. चष्मा पुसून हातात दिला. चिरंजीवही कॉलेज बुडवून थांबले. भाग सुरू झाला. बंगला, बाग, बागेत झारी घेऊन वाकलेला माळी. आम्ही तिघंही पडद्याकडे न बघता अप्पांकडे बघत होतो.

अप्पांनी माळ्याकडे नीट निरखून पाहिलं. मान हलवली.

"छे," ते म्हणाले, "हा कसा करेल? गरीब दिसतो बिचारा. डॉक्टर असणार."